करकर नेमकी कुठली?

गाडीची सीट करकरायला लागली की बहुतेकांचा हात आधी स्प्रेच्या डब्याकडे जातो. सीटखाली वाकायचं, नळी आत खुपसायची आणि लोखंड दिसेल तिथे फवारायचं. चार दिवस शांतता मिळते, मग आवाज परत येतो आणि ‘ही सीटच तसली’ असा निकाल लागून विषय मिटतो. माझं म्हणणं असं आहे की या कामात वंगणाचा वाटा शेवटचा आणि तसा लहान आहे. खरं काम आवाजाची जागा शोधण्याचं, आणि ते गॅरेजपेक्षा घरी जास्त चांगलं होतं. त्या सीटवर रोज बसणारा माणूस, त्याचं वजन, त्याची बसण्या-उठण्याची ढब, आजूबाजूची शांतता आणि घाई नसलेला एखादा तास हे सगळं एका वेळी घरीच हाताशी असतं.

करकर होते तेव्हा आत काय घडतं ते आधी पाहिलं पाहिजे, कारण उपाय त्यावरच ठरतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतात आणि अंगाचं वजन कललं की त्यांना सरकवणारा जोर हळूहळू वाढतो. थांबलेली वस्तू हलवायला जितका जोर लागतो, त्यापेक्षा कमी जोरात ती पुढे सरकत राहते. म्हणून ते पृष्ठभाग आधी चिकटून राहतात, मागचा पत्रा किंवा नळी केसभर वाकते, ताण साठतो, पकड एकदम सुटते आणि लगेच पुन्हा बसते. सारंगीचा गज तारेवर असाच चिकटत-सुटत चालतो, आणि त्याला राळ लावतात ती ही पकड वाढावी म्हणूनच. यातून तीन वाटा निघतात. पृष्ठभागांची हालचालच बंद करायची, म्हणजे बोल्ट आवळायचा. दोघांच्या मध्ये मऊ काही घालून त्यांना वेगळं करायचं. किंवा पकड आणि सरक यांतला फरक कमी करायचा, म्हणजे वंगण द्यायचं. जिथे हालचाल व्हायला नको तिथे पहिली वाट, जिथे भाग एकमेकांना लागायलाच नकोत तिथे दुसरी, आणि जिथे हालचाल हवीच आहे, तिथेच तिसरी. स्प्रेचा डबा घेऊन सुरुवात करणारा माणूस हा प्रश्न न विचारताच तिसरी वाट धरतो.

यात फक्त वेळ आणि पैसे वाया जातात असं नाही. सीटचा पाय जमिनीवर ज्या बोल्टने धरलेला असतो तो सैल असेल, तर पाय आणि पत्रा यांच्यामध्ये बारीकशी सरक होते आणि आवाज येतो. तिथे तेल मुरलं की आवाज थांबतो, पण सरक थांबत नाही, उलट तिला मोकळं रान मिळतं. बोल्ट कसा सुटतो यावर गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली मांडलेलं काम आजही प्रमाण मानतात. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा त्याला आडवं हलवणारी थरथर बोल्ट फार लवकर सैल करते, हे त्यांनी दाखवून दिलं. सीटच्या पायावरचा जोर नेमका आडवाच असतो. ब्रेक लागला की पुढे, गाडी सुटली की मागे, वळणावर बाजूला. म्हणजे सैल बोल्ट आपोआप घट्ट होण्याची आशा नाही, तो अधिक सैल होत जाणार. त्या अवस्थेत मिळालेली शांतता धोक्याची, कारण ती आपल्याला मिळणारी एकमेव सूचना पुसून टाकते.

म्हणून शोधाला वेळ द्यावा. गाडी सपाट जागी उभी, इंजिन बंद, पंखा बंद, काचा वर. आधी सीटच्या खिशातलं सगळं बाहेर काढायचं आणि सीटखाली बॅटरीचा उजेड टाकायचा. रेलमध्ये पडलेलं नाणं, पेनाचं टोपण, बाटलीचं झाकण हे गुन्हेगार वाटतं त्याहून जास्त वेळा सापडतात. मग नेहमीसारखं बसायचं आणि अंग एकाच दिशेने हलवायचं, आधी फक्त पुढे-मागे, मग फक्त डावी-उजवीकडे, मग नुसती पाठ मागे रेटून. आवाज कोणत्या हालचालीला येतो हे पक्कं झालं की अर्धी सीट बाद होते. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हेडरेस्ट काढून पाहायचं. पट्टा लावून आणि सोडून पाहायचं, कारण पट्ट्याचं बकल बाजूच्या प्लॅस्टिकला घासतं आणि तो आवाज थेट सीटच्या पोटातून आल्यासारखा वाटतो. पाठ एक दात मागे घ्यायची. आवाज बदलला तर पाठ कलवणारा सांधा संशयात येतो. सीट रेलवर एक घर पुढे घ्यायची. आवाज गेला किंवा वेगळा झाला तर रेल. उंची कमी-जास्त करायची सोय असेल तर ती दोन टप्पे वर. यातल्या कशानेच फरक पडला नाही, तर गादीखालच्या नागमोडी स्प्रिंगांकडे आणि त्या जिथे चौकटीत अडकवलेल्या असतात त्या आकड्यांकडे वळायचं.

या शोधात कानावर फार भिस्त ठेवू नये. सीटचा सांगाडा पोलादी असतो आणि आवाज त्यातून सगळीकडे पळतो. उजव्या मागच्या कोपऱ्यातली करकर डाव्या मांडीखाली ऐकू येणं नेहमीचंच. बोटं जास्त प्रामाणिक. घरातलं दुसरं कोणी सीटवर बसून हळूहळू झुलत राहिलं आणि आपण बोटांची टोकं एकेका सांध्यावर नुसती टेकवत गेलो, तर चिकटून सुटण्याचा तो बारीक झटका नेमक्या जागी बोटाला जाणवतो. बागेच्या पाइपाचा हातभर तुकडा एका टोकाने कानाशी आणि दुसऱ्या टोकाने सांध्याजवळ धरला तरी बरंच समजतं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि दरवेळी गादीच्या उजव्या कडेवरून घसरत उतरतो. उतरताना क्षणभर जवळजवळ सगळं वजन त्या एका कडेवर येतं. त्यामुळे चालकाच्या सीटमध्ये उजवीकडचा आकडा, उजवीकडचं प्लॅस्टिकचं आवरण, उजवीकडचा सांधा यांच्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं. स्प्रिंगच्या आकड्यावर प्लॅस्टिकची बारीक टोपी असते. ती झिजून फाटली की आत लोखंडावर लोखंड घासतं, आणि त्या जागी रंग उडून चकाकणारी एक बारीक रेघ दिसते. ती रेघ सापडली की शोध संपला. तिथे कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे कोणत्याही तेलापेक्षा जास्त टिकतात, आणि कडक प्लॅस्टिक प्लॅस्टिकला घासत असेल तिथेही हीच पट्टी कामाला येते.

ऋतूही साक्ष देतो. थंडीत सकाळी करकर आणि दुपारी गाडी तापल्यावर गप्प, असं असेल तर संशय प्लॅस्टिकवर किंवा कातड्याच्या आवरणावर घ्यावा. थंडीत ही सामग्री आकसते आणि कडक होते. पावसाळ्यानंतर सुरू झालेला आवाज बहुधा खालचा असतो. कोकणात चार महिने ओल्या चपलांनी गाडीत चढायचं, चटया धड सुकत नाहीत, आणि सीटच्या रेल त्या चटयांना लागूनच असतात. लाल माती आणि पाणी मिळून रेलमध्ये जो लगदा बसतो, तो वाळल्यावर कानसेचं काम करतो.

रेलची करकर ही मात्र खरोखर वंगणाची जागा, कारण तिथे सरक हवीच आहे. पण आधी सफाई. सीट पूर्ण मागे नेऊन पुढचा भाग, पूर्ण पुढे आणून मागचा भाग, जुन्या दाताच्या ब्रशने खरवडायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. अनेक गाड्यांत रेलच्या आत पोलादी गोळ्या असतात, आणि मातीवर ग्रीस चढवलं तर त्या गोळ्यांभोवती घासणारी चटणी तयार होते. इथे त्या प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० बद्दल बोललं पाहिजे. ते १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झालं ते धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. जाम झालेली वस्तू सोडवायला, जुनी घाण सैल करायला ते उत्तम. पण त्यातला मोठा भाग उडून जाणारा असतो आणि मागे राहतो तो पातळ थर. वजन पेलणाऱ्या रेलला तो पुरत नाही. आधीचं चांगलं ग्रीसही ते धुऊन नेतं. ‘चार दिवसांनी आवाज परत आला’ या तक्रारीचं एक मोठं कारण हेच. सफाईनंतर पांढरं लिथियम ग्रीस, तेही बोटावर घेऊन पातळ, आणि मग सीट दहाबारा वेळा टोकापासून टोकापर्यंत. जास्त ग्रीस म्हणजे पुढच्या धुळीला आमंत्रण आणि पँटला डाग. रबर जवळ असेल तिथे सिलिकॉन वापरावं, कारण खनिज तेलाने बरीच रबरं फुगतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे मिस्त्रीचं काम, आपण का करावं? मिस्त्रीच्या कौशल्याबद्दल मला पूर्ण आदर आहे आणि त्याचा हात आपल्यापेक्षा तयार असतो यात वाद नाही. पण त्याच्याकडे गाडी जाते तेव्हा शेजारी कॉम्प्रेसर चालू असतो, त्याचं वजन आपल्याएवढं नसतं, आणि संध्याकाळच्या आत त्याला आणखी चार गाड्या हातावेगळ्या करायच्या असतात. आवाज त्याला ऐकूच आला नाही, तर तो प्रामाणिकपणे सगळीकडे तेल मारून गाडी परत देतो. गाडी वॉरंटीत असेल तर जरूर कंपनीच्या वर्कशॉपमध्येच न्यावी. मात्र ‘सीट वाजते’ एवढंच सांगू नये. ‘उजवीकडे कललं की वाजते, पाठ एक दात मागे घेतली की थांबते’ असं सांगितलं, तर तिथलं कामही नीट होतं. शोध आपला आणि पाना त्यांचा, ही वाटणी मला चांगली वाटते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. आजची सीट म्हणजे खुर्ची राहिलेली नाही. पाठीच्या कडेला बाजूची एअरबॅग असू शकते, काही गाड्यांत बकलच्या मुळाशी पट्टा आवळणारी स्फोटक नळी असते, गादीत माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. संयुक्त राष्ट्रांच्या सतराव्या वाहन-नियमात सीट आणि तिला जमिनीशी धरणाऱ्या जोडांनी गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट धक्का ३० मिलिसेकंद सोसावा अशी अट आहे. ज्या जोडांवर एवढा भार येणार, तिथे हौशी प्रयोग चालत नाहीत. म्हणून सीमा स्पष्ट आखावी. सीटखालच्या, एअरबॅगकडे जाणाऱ्या पिवळ्या जोडणीला हात लावायचा नाही. सीट बाहेर काढावी लागणार असेल किंवा पाठीचं आवरण उसवावं लागणार असेल तर काम तिथेच थांबवायचं. जोडणी सुटलेली असताना चावी फिरवली, तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला पुन्हा वर्कशॉप गाठावं लागतं. सांगाड्याच्या वेल्डिंगला तडा दिसला तर तो भाग बदलायचाच, घराजवळ कोणाकडून डाग देऊन भागवायचं नाही. पण या सीमेच्या अलीकडे बरंच काही उरतं. बकल, हेडरेस्ट, खिसा, प्लॅस्टिकची कड, रेल, सहज हाताला लागणारे आकडे आणि जमिनीवरचे बोल्ट यांपैकी कशालाही सीट उचलावी लागत नाही. आवाजाच्या जागांची शक्यता लावली तर यादीत वर तेच येतात.

बोल्टचं मात्र भान ठेवून करावं. बहुतेक गाड्यांत सीटला चार असतात, पुढचे दोन सीट मागे नेल्यावर दिसतात, मागचे दोन पुढे आणल्यावर. गोटी पाना लावून अंगचा सगळा जोर काढणं चूक. जास्त आवळलेला बोल्ट ताणला जातो, किंवा जमिनीच्या पत्र्याखालच्या नटचे आटे जातात, आणि ते दुरुस्त करणं मोठं खर्चाचं. किती आवळायचा हे त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. टॉर्क पाना तासाभरासाठी ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणता येतो. आवाज जावा म्हणून पायाखाली रबरी वॉशर घालणारे काही जण आहेत. ते अजिबात करू नये, कारण रबर दबतं आणि बोल्टची पकड जाते.

तिसरं म्हणणं असतं की एवढ्याशा आवाजाचं काय, गाणी जरा मोठी लावावीत. इंजिनाचा आवाज मोठा होता तेव्हा हे निभावून जायचं. विजेच्या गाड्यांत, किंवा सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत, मागचा तो पडदाच उरला नाही, आणि पूर्वीही होतीच ती करकर आता उघडी पडते. शिवाय आवाज म्हणजे झीज. चकाकणारी ती बारीक रेघ दर किलोमीटरला थोडी खोल होत असते. आणि चालक ज्या आवाजाला सरावतो त्याच्या आड दुसरा, नवा आवाज लपतो. चाकाच्या बेअरिंगची सुरुवातीची घरघर ऐकायची असेल, तर सीट गप्प असलेली बरी.

काम झाल्यावर सीट टोकापासून टोकापर्यंत सरकवून दोन्ही बाजूंच्या रेलचा खटका बसतो ना, हे कानाने आणि जोराने हलवून पाहावं. एकच बाजू अडकली असेल तर सीट किंचित तिरकी बसते आणि जोरात ब्रेक लागला की सुटू शकते. पट्टा एकदा झटका देऊन तपासावा, आणि चावी फिरवून एअरबॅगचा दिवा लागून विझतो हे पाहावं. बोल्ट आवळला असेल तर त्याच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवावी. महिनाभराने बॅटरीच्या उजेडात ती रेघ सरळ दिसली तर बोल्ट जागचा हललेला नाही, आणि तुटलेली दिसली तर आवाज नसला तरी सीट वर्कशॉपमध्ये दाखवावी.