दरवाजांच्या शहरात अण्णांसोबत

दवाखान्यात येणाऱ्या वृद्धांच्या मुलांना मी गेली पंचवीस वर्षे एकच शब्द सांगत आले आहे : जपा. या शब्दाचा अर्थ मला स्वतःला कळला, तो माझ्या वडिलांना घेऊन केलेल्या एका दिवसाच्या प्रवासात.

अण्णांचे वय एक्क्याऐंशी. मधुमेह जुना. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि सहा महिन्यांत ते काठी घेऊन नीट चालू लागले. तरीही अंगणापलीकडे त्यांना मी जाऊ दिले नाही. हळूहळू त्यांचे बोलणे कमी झाले. सकाळी अकराच्या सुमारास ते खुर्चीत डोळे मिटून बसत, कधी कपाळावर घाम दिसे. 'वय झाले' असे मी मनाशी म्हणत असे.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "बाई, एकदा गुलमंडी दाखव. मग कुठं ने म्हणणार नाही."

जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटर. अण्णांचे महाविद्यालयीन शिक्षण तेथे, गुलमंडीतल्या भाड्याच्या खोलीत राहून झाले. मीही त्याच शहरात, घाटीत, एमबीबीएस झाले. हे शहर मुळात राजधानी म्हणूनच वसले. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी गावी निजामशाहीची राजधानी वसवली आणि डोंगरातले पाणी नहरींनी गावात खेळवले. पुढे औरंगजेबाने दख्खनचा कारभार येथून पाहिला. हैदराबादच्या निजामांची पहिली राजधानीही हीच. ती 1763 मध्ये हैदराबादला गेली. 52 दरवाजांचे शहर ही ओळख मात्र मागे राहिली.

आम्ही सकाळी आठला निघालो. पाणचक्कीशी पोहोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचा हा परिसर. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून सुमारे सहा किलोमीटर येते, उंच भिंतीवरून हौदात कोसळते आणि त्याच्या जोरावर दळणाचे जाते फिरत असे. विद्यार्थीदशेत परीक्षेची भीती घालवण्यासाठी मी याच हौदाच्या काठी बसत असे. हे अण्णांना सांगू लागले, तर त्यांचे लक्ष नव्हते. हात थरथरत होते, सदरा घामाने भिजला होता. मला त्यांनी माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली.

पिशवीत ग्लुकोमीटर होता. साखर 58. सकाळी साखरेची गोळी मीच हातावर ठेवली होती. पण वाटेत लघवीला थांबावे लागू नये म्हणून त्यांनी चहा टाळला होता, भाकरीही अर्धीच खाल्ली होती. मी ते विचारलेच नव्हते. ग्लुकोजची पुडी घरीच राहिली होती. जवळच्या चहावाल्याने न विचारता साखरेचा डबा पुढे केला. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग बिस्किटे दिली. अर्ध्या तासात अण्णा पूर्ववत झाले.

मी म्हणाले, "अण्णा, आता घरी जाऊ."

ते म्हणाले, "इथवर आणलंस आणि वेशीवरून परत नेतेस होय?"

पुढे निघालो. भडकल दरवाजापाशी गाडी थांबवली. मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून 1612 मध्ये तो बांधला, हे अण्णांनीच मला सांगितले. इतकी वर्षे त्या दरवाजाशेजारी शिकूनही मला ते ठाऊक नव्हते. गुलमंडीत त्यांची खोली उरलेली नव्हती, तेथे कापडाचे दुकान होते. सुपारी मारुती मात्र जागेवर. पायरीशी त्यांनी माझा हात धरला नाही. काठी टेकवली, आधी चांगला पाय वर ठेवला, जसे फिजिओथेरपीत शिकवले होते तसे. मी दोन हात पुढे करून नुसती उभी राहिले.

दुपारी वेळेवर, साडेबाराला, नान-खलिया. मटणाचा हा मसालेदार रस्सा आणि तंदूरची नान म्हणजे या शहराची ओळख. अण्णांनी अर्धी नान रश्शात मोडून सावकाश खाल्ली. इमरतीचा एक तुकडा मागितला. मी दिला. साठ वर्षांपूर्वीच्या सोबत्यांच्या गोष्टी ते परतीच्या वाटेवर जालना येईपर्यंत सांगत होते.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर मी सकाळी अकरा वाजता त्यांची साखर तपासली. तीन वेळा ती 70 च्या खाली होती. ज्याला मी वय म्हणत होते, ती कमी झालेली साखर होती. त्यांचा आहार घटला होता, गोळी तीच राहिली होती. त्यांच्या फिजिशियनशी बोलून गोळी बदलली. आता अकरा वाजता अण्णा वर्तमानपत्र वाचतात आणि त्यातल्या चुका मला दाखवतात.

ज्यांच्या घरी मधुमेही वृद्ध आहेत, त्यांना माझी विनंती : घाम, थरथर, अचानक सुस्ती किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर आधी साखर तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीने रुग्णालयात न्या. जेवण कमी झाले असेल, तर गोळीविषयी डॉक्टरांना विचारा. प्रवासात ग्लुकोजची पुडी जवळ ठेवा, स्वच्छतागृहे कुठे आहेत ते आधी पाहून ठेवा. म्हणजे ते खाणेपिणे चोरणार नाहीत.

आणि त्यांना बाहेर न्या. घरात जपून ठेवलेल्या अण्णांकडे मी दोन वर्षे रोज पाहत होते; ते मला दिसले पाणचक्कीच्या काठी. परवा ते म्हणाले, "पैठण दरवाजा राहिला की, बाई." दिवाळीनंतर जायचे ठरले आहे. या खेपेला ग्लुकोजची पुडी त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली आहे.