आजोबांचा चाकू

गेल्या दिवाळीच्या सुटींत टपालानें एक डबी आमच्या कन्नडच्या घरीं आली. तींत घडीच्या चाकूचे सुटे भाग होते: पातें, दोन पितळी पत्रे, पोलादी कमान व खिळ्यांसाठीं पितळेच्या बारीक सळ्या. मुठीला लांकूड मात्र मीं शेतांतल्या वाळल्या बाभळीचें घेतलें. आजोबांच्या जुन्या चाकूची कमान ढिली झाली होती. पेरू चिरतांना तो अवचित मिटला व त्यांचें बोट कापलें. म्हणून हा उद्योग.

अशा चाकूचें सारें मर्म कमानींत व खिळ्यांत असतें. कमान पात्याच्या बुडाला दाबून धरते, म्हणून तें उघडें वा मिटलेलें राहतें. मुख्य खिळा सैल असला तर पातें डळमळतें. फार आवळला तर हलतच नाहीं. मीं उतावीळपणें हातोडी चालविली आणि पातें जखडलें. "तेल घातलें कीं चालेल," मी म्हणालों. आजोबा शांतपणें म्हणाले, "बाळा, बोट माझें आहे."

मी खजील झालों. कानशीनें खिळ्याचें डोकें घासून तो काढला. पात्यालगत पातळ कागद घालून नवा खिळा हलक्या हातानें ठोकला व मग कागद ओढून काढला. पातें सुखानें उघडलें!

आमच्याच तालुक्यांतील पितळखोऱ्याच्या लेण्यांत सांपडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर, ती कान्हदास सोनारानें घडविली, असा लेख आहे. मलाही मुठीवर नांव कोरण्याचा मोह झाला होता. पण कोरलें नाहीं. आजोबा तो चाकू निर्धास्तपणें वापरतात, तेवढी सही मला पुरे आहे.