अंगाला बसणारा कॉस्च्युम

माझा पहिला कॉस्च्युम आईने मुद्दाम मोठा घेतला होता. पाठ झाकलेली, खाली झालर. लोक काय म्हणतील, याचा विचार दुकानदाराने आमच्याआधीच करून ठेवलेला. टिळक तलावात उडी मारली की आत हवा शिरायची, झालर वर तरंगायची आणि जे झाकायचं तेच उघडं पडायचं.

शर्यतीत उतरल्यावर सरांचा नियम साधा होता: कापड चिमटीत येता कामा नये. सैल कॉस्च्युम पाणी धरतो आणि मागे ओढतो. शिवाय ओला झाला की आणखी सैलावतो, म्हणून कोरडा असताना थोडा आवळच हवा. घालून पाहताना दोन्ही हात वर ताणायचे. पट्टे खांद्यात रुतले किंवा पाठीवर पोकळी राहिली तर परत द्यायचा. क्लोरीन लायक्राला खाऊन टाकतं. एका हंगामात बसायची जागा इतकी विरळ होते, की मैत्रिणीलाच हळूच सांगावं लागतं. त्यामुळे रोजच्या सरावाला पॉलिएस्टर बरं. साध्या पाण्यात खळबळायचा, न पिळता सावलीत वाळवायचा.

कॉलेजात वॉटर पोलो खेळू लागले आणि ही सगळी समज अपुरी ठरली. शर्यतीत आपण आणि पाणी. इथे समोरच्या मुलीचा हातही असतो. पंचांना पाण्याखालचं फारसं दिसत नाही. शर्यतीच्या कॉस्च्युमची उघडी पाठ आणि बारीक पट्टे म्हणजे तिला आयतं मिळालेलं हँडल! म्हणून पोलोचा कॉस्च्युम जाड, गुळगुळीत, बंद गळ्याचा असतो. पाठीवर चेन, आणि ती ओढायला दुसरं कोणी लागतंच. मुलगे एकावर एक दोन ट्रंक चढवतात. सामन्याआधी नखं तपासली जातात, अंगाला तेल चालत नाही. कापडाचा निसरडेपणा चालतो, कातडीचा नाही, याची मला अजून गंमत वाटते.

शर्यतीच्या पोशाखात पुढे 2008 साली बीजिंग ऑलिंपिकला स्पीडोचा एलझेडआर रेसर गाजला. पॉलियुरेथेनचे पट्टे शरीर आवळून सपाट करत. 2009 मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत 43 विश्वविक्रम झाले. जर्मनीच्या पॉल बीडरमानचा तिथला 400 मीटर फ्रीस्टाइलचा विक्रम तर थेट 2025 पर्यंत टिकला. 1 जानेवारी 2010 पासून ‘फिना’ या जागतिक जलतरण संघटनेने असे पोशाख बंद केले: फक्त कापड, पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत, बायकांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. बरं झालं. नाहीतर पोहण्याची शर्यत कारखान्यांचीच झाली असती.

परवा भाचीला गुडघ्यापर्यंतचा रेसिंग सूट हवा होता. महाग, चढवायला घामटं काढणारा आणि मोजक्याच शर्यतींपुरता टिकणारा. ती अजून जिल्ह्याच्या संघातही नाही. पॉलिएस्टरचाच घेऊन दिला. रंग तिने निवडला, भडक पोपटी. त्यात मी पडले नाही.