सेनिओच्या काठावरून गावाच्या बांधावर

१/ इटलीतील सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतील नामदेव जाधव हे कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोहोचवणारे शिपाई. सोबतचे दोघे जखमी होताच त्यांनी एकेकाला खांद्यावर घेऊन खोल पाणी, उभा बांध आणि सुरुंगांचा पट्टा पार केला. मग ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. हात जखमी होऊन बंदूक चालेनाशी झाली, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्ब फेकले.

२/ तीन ठाणी शांत झाल्यावर ते बांधावर उभे राहिले आणि मराठ्यांची रणगर्जना करीत त्यांनी मागच्या तुकड्यांना पलीकडे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या मानपत्रामुळेच हा पराक्रम आपल्याला इतक्या तपशिलाने ठाऊक आहे.

३/ २ मे रोजी इटलीतील युद्ध संपले. सैनिक मायदेशी परतू लागले आणि तेथून पुढे कागद मुके होतात. १९३९ मध्ये सुमारे २ लाख असलेली हिंदी फौज १९४५ पर्यंत २५ लाखांच्या घरात गेली होती. सक्तीची भरती नव्हती. युद्ध संपताच यांतील बहुतेकांना घरी पाठवण्यात आले.

४/ निवृत्तिवेतनासाठी साधारणतः १५ वर्षांची नोकरी लागे. युद्धकाळात भरती झालेल्याची नोकरी जेमतेम पाच-सहा वर्षांची. त्याच्या हाती थोडी रक्कम, सेवामुक्तीचा दाखला आणि पदके आली.

५/ माझे पणजोबा याच रेजिमेंटचे शिपाई. १९४६ मध्ये ते तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी परतले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दोनच वस्तू राहिल्या : वर्तणूक ‘फार चांगली’ असा शेरा असलेला दाखला आणि इटली स्टार. त्याच्या फितीवर लाल, पांढरा व हिरवा हे इटलीच्या निशाणाचे रंग आहेत.

६/ ते परतले तो जिल्हा मात्र सोडून गेले तेव्हाचा नव्हता. १९४३ पासून येथे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. गावोगावी न्यायनिवाडे होत होते, तुफान सेनेच्या तरुणांना कवायत दिली जात होती. थोरला भाऊ सरकारी गणवेशात इटलीत लढत असताना धाकटा त्याच सरकारविरुद्ध लढणाऱ्या भूमिगतांना रात्री भाकरी पोहोचवत होता. थोरल्याची मनीऑर्डर आली की त्याच पैशांतून त्या भाकरीची ज्वारी येई.

७/ पुढे धाकट्याच्या गळ्यात हार पडले, १५ ऑगस्टला त्यांना व्यासपीठावर बसवले जाई. यात अन्याय काहीच नव्हता. त्यांनी तुरुंगाचा धोका पत्करला होता. पण थोरल्यांना कोठे बसवावे, हे गावाला उमगले नाही. स्वातंत्र्याच्या कथेत ते इंग्रजांचे शिपाई होते. इंग्रजांच्या लेखी त्यांचा हिशेब पूर्ण झाला होता. त्यांनी पेटीला कुलूप घातले आणि आयुष्यभर कोरडवाहू शेती केली. भावांत याविषयी कधी वाद झाल्याचे कोणालाही आठवत नाही. दोघांचे जेवण अखेरपर्यंत एका चुलीवर होते.

८/ ते फौजेत का गेले? भूक हे एक कारण, घराण्यातील शिपाईगिरीची रीत हे दुसरे. फॅसिझमचा पराभव करायला आपण निघालो आहोत, असे त्यांनी कधी म्हटल्याचे घरात कोणी सांगत नाही. तरीही तो पराभव ज्यांच्या पायांनी घडला, त्यांत त्यांचे दोन पाय होते. हेतू आणि परिणाम यांतील हे अंतर आपण इतिहास वाचताना मोकळे ठेवले पाहिजे. देशभक्त किंवा भाडोत्री असा एकच शिक्का मारून ते बुजवू नये.

९/ बऱ्याच वर्षांनी राज्य शासनाने निवृत्तिवेतन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांना व त्यांच्या विधवांना मासिक अनुदान देण्यास सुरुवात केली. तोवर पणजोबा नव्हते. पणजी दरवर्षी हयातीचा दाखला घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जात. ‘त्यांच्या लढाईचे पैसे’ असे त्या म्हणत आणि त्यातून बी-बियाणे आणत.

१०/ तुमच्या घरी किंवा गावात असा दाखला असेल, तर त्याचे छायाचित्र जरूर काढा. त्यावरून पलटण आणि नोकरीची वर्षे कळतील. मग घरातील वृद्ध स्त्रियांपाशी बसा आणि तो माणूस परतल्यावर घर कसे चालले, हे विचारून लिहून ठेवा. ते कोणत्याही मानपत्रात सापडणार नाही.

#इतिहास #मराठी_धागा