अम्मीचा गुडघा आणि क्रिलचं तेल

क्रिल म्हणजे काय, हे आमच्या राजुरीत सांगायचं तर जवळ्यापासून सुरुवात करावी लागते. बाजारात सुक्या बोंबलांशेजारी जवळ्याचा ढीग असतो, तो सगळ्यांना ठाऊक. क्रिल दिसायला तसाच, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला. फक्त जात वेगळी, लांबी सहा सेंटिमीटरपर्यंत आणि मुक्काम थेट अंटार्क्टिकाच्या गारठलेल्या समुद्रात. त्याच्या तेलाच्या गोळ्यांची बाटली गेल्या वर्षी भाच्याने दुबईहून आणली, त्याच्या नानीसाठी, म्हणजे माझ्या अम्मीसाठी.

अम्मी ७२ वर्षांची. दोन्ही गुडघे झिजलेले. दोन वर्षांपासून ती खुर्चीवर बसून नमाज पढते. आजाऱ्याला ही सवलत आहे, हे तिला मी सांगायला नको. तरी जमिनीला कपाळ टेकवून सजदा करण्याची तिची ओढ जात नाही. गुडघ्यांसाठी म्हणून ती माशाच्या तेलाच्या गोळ्या घ्यायची. तक्रार एकच, "डकार भी मछली की आती." क्रिलच्या तेलाने ढेकर येत नाही, ते लवकर अंगी लागतं आणि गुडघ्यांना आराम पडतो, असं भाच्याला कुणीतरी सांगितलेलं.

शिक्षकाला लेबल वाचल्याशिवाय राहवत नाही. माशाच्या तेलाची गोळी १००० मिलिग्रॅमची होती. त्यात कामाचे घटक म्हणजे ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून ३०० मिलिग्रॅम. क्रिलची गोळी ५०० मिलिग्रॅमची, त्यात हे दोन्ही मिळून ११०. म्हणजे एका जुन्या गोळीच्या बरोबरीला नव्या जवळपास तीन गोळ्या लागणार आणि किंमत कितीतरी जास्त. फरक आहे तो रूपात. क्रिलमधलं ओमेगा-३ बरंचसं फॉस्फोलिपिडच्या रूपात असतं, म्हणून ते पोटात चांगलं मिसळतं. लाल रंग अ‍ॅस्टाझँथिनचा. शोषण थोडं बरं होतं असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पण जास्त शोषलं गेलं म्हणजे गुण आला, असं होत नाही.

अम्मीचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता. "हलाल है क्या?"

आम्ही देशावरचे बहुतेक हनफी. हनफी मसलकात पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासा हलाल. कोळंबीला मासा म्हणायचं की नाही, यावरच उलेमांत जुना मतभेद आहे. अरबी भाषेच्या जाणकारांनी तिला मासा म्हटलं, म्हणून काहींनी परवानगी दिली. काहींनी टाळलेलं बरं म्हटलं. क्रिलचा प्रश्न त्याच वाटेने जातो. माझी धाकटी बहीण श्रीवर्धनला दिली आहे. तिचं सासर कोकणी, शाफई. त्यांच्याकडे समुद्रातलं जवळपास सगळंच हलाल. ती फोनवर हसत म्हणाली, "भाईजान, आमच्याकडे तर हा प्रश्नच नाही." आमच्या मौलानांनी सांगितलं, मतभेदाची गोष्ट आहे, गरज नसेल तर सोडा, घेतलंत तर गुनाह म्हणणार नाही. गोळीच्या कवचाचाही प्रश्न असतोच. या बाटलीवर माशाचं जिलेटिन असं स्पष्ट लिहिलं होतं. जुन्या बाटलीवर नुसतं 'जिलेटिन' होतं, कशाचं ते नव्हतं.

अम्मीने विचार केला आणि म्हणाली, "दवा समझ के लेती." डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे दोन प्रश्न विचारले. दोन्हींचं उत्तर नाही होतं. तीन महिने तिने रोज गोळ्या घेतल्या. ढेकर थांबले. गुडघे होते तसेच राहिले.

एका अम्मीवरून निष्कर्ष काढू नये, म्हणून मी शोधलं. ऑस्ट्रेलियात गुडघ्याची झीज असलेल्या २६२ जणांवर प्रयोग झाला. काहींना रोज दोन ग्रॅम क्रिलचं तेल दिलं, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. २४ आठवड्यांनी दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणावा असा फरक नव्हता. हे २०२४ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. माशाच्या तेलाच्या मोठ्या कीर्तीचंही तसंच. २०१८ मध्ये मधुमेहाच्या १५,४८० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज एक ग्रॅम घेऊनही हृदयविकाराचे झटके वगैरे लक्षणीय कमी झाले नाहीत. रक्तातले ट्रायग्लिसराइड फार वाढले तर डॉक्टर मोठ्या मात्रेत ओमेगा-३ देतात, ती गोष्ट वेगळी.

शाळेत मुलांना हा विषय सांगताना आणखी एक बाजू पुढे आली. क्रिल हे देवमासे, पेंग्विन आणि सील यांचं अन्न. त्याची पकड मर्यादेत ठेवायला आंतरराष्ट्रीय आयोग आहे, भारतही त्याचा सदस्य आहे. दक्षिण अटलांटिकच्या बाजूला वर्षाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे. १९९५-९६ मध्ये आपलं 'सागर संपदा' जहाजही क्रिलच्या शोधात तिकडे गेलं होतं. देवमाशाचं ऐकून अम्मी म्हणाली, "यूनुस अलैहिस्सलाम जिस मछली के पेट में थे, उसका रिज्क हम काहे को खाएँ?" आणि स्वतःच हसली.

बाटली संपली, दुसरी मागवली नाही. त्या पैशांत आळेफाट्याहून आठवड्याला दोनदा बांगडा किंवा तारली येते. दोन्ही तेलकट मासे, ओमेगा-३ने भरलेले, आणि हलाल की हराम हा वाद नाही. सोबत जवसाची चटणी असतेच. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं, शरीर त्यातलं थोडंच माशासारखं करून घेतं, पण चटणी औषध म्हणून खायची नसतेच.

गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी मांड्यांचे व्यायाम दिले. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहापर्यंत मोजायचं, खाली घ्यायचा. अम्मी मोजत नाही, तस्बीह पढते. आता ती ओट्याच्या पायऱ्या भिंतीला हात न लावता उतरते. सजदा अजून खुर्चीवरूनच होतो.