बोटीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम

प्रवास म्हणजे केवळ जाणें, अशी हल्लींच्या तरुण मंडळींची समजूत दिसते. गाडी वेगवान, रस्ता रुंद, खिशांतील यंत्रावर निळी रेघ काढलेली. मग मध्यें थांबावयाचें कशासाठीं, असा त्यांचा प्रश्न असतो. पाणिनीनें आपल्या चौथ्या अध्यायांतील एका सूत्रांत चार शब्द एकाच प्रत्ययाच्या दावणीस बांधले आहेत : पाथेय, आतिथेय, वासतेय आणि स्वापतेय. म्हणजे वाटेची शिदोरी, पाहुण्याचा सत्कार, राहण्याजोगें तें, आणि पैसा. वैयाकरणाच्या मनांत प्रवास नव्हता, त्यास केवळ प्रत्ययाची सोय पाहावयाची होती, हें आम्ही जाणतों. तथापि पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलेल्या माणसास हे चार शब्द एकत्र दिसले म्हणजे निघण्यापूर्वींची यादीच दिसूं लागते. त्यांतही वासतेय शब्दाचें स्त्रीलिंगी रूप कोशांत रात्रीचें नांव म्हणून येतें. राहण्याजोगी ती रात्र, चालण्याजोगी नव्हे.

गेल्या पौषांत या शब्दाची आठवण होण्यास कारण असें झालें कीं, आमच्या चिरंजीवांनीं मुंबईहून गोवें व परत अशा तीन रात्रींच्या सागरसहलीचीं, म्हणजे हल्लीं जिला क्रूझ म्हणतात तिचीं, सहा तिकिटें काढलीं. आम्ही उभयतां, ते उभयतां, नऊ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. आम्ही राहतों नागपुरास. बोट शुक्रवारीं सायंकाळीं बॅलार्ड पिअरवरून सुटणार. तेथवर घरच्या मोटारीनेंच जावयाचें हेंही ठरलें. कारण लहान मुलें, सहा माणसांचें सामान आणि आमच्या मंडळींचे गुडघे. राहिला प्रश्न इतकाच कीं, वाटेंत रात्रीं कोठें उतरावयाचें. आणि चिरंजीवांच्या मतें तो प्रश्नच नव्हता.

त्यांचें गणित असें. समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा. त्यावर मोटारीस ताशीं १२० किलोमीटरांची मोकळीक. म्हणजे सहा तासांची वाट. विश्रांतीचे व शहरांतले तास वाढवून दहा-अकरा धरावे. गुरुवारीं रात्रीं अकरा वाजतां निघावें, मुलें झोपून राहतील, सकाळीं नऊ-दहाला मुंबई, दुपारीं बोटींत. लॉजचें भाडें वांचलें, रजेचा एक दिवस वांचला.

त्रैराशिक म्हणून हें बिनचूक आहे. परंतु १२० हा आंकडा मर्यादेचा आहे, सरासरीचा नव्हे. लहान मूल बरोबर असलें म्हणजे दर दोन तासांनीं थांबावें लागतें, आणि प्रत्येक थांबा ‘पांच मिनिटें’ म्हणून अर्धा तास घेतो. याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच. हा रस्ता गांवांतून जात नाहीं. जुन्या वाटेवर बाजार लागे, फाटक लागे, म्हैस आडवी येई आणि चालविणारा जागा राहत असे. येथें वाशीम केव्हां गेलें आणि बुलढाण्याची हद्द केव्हां लागली हें पाट्यांवरूनच समजावें. सरळ सिमेंटचा पट्टा, दोन्ही बाजूंस कुंपण आणि समोर दिव्यांचा एकसारखा उजेड, अशा वाटेवर उघड्या डोळ्यांनींही मन झोपीं जातें. १ जुलै २०२३ रोजीं मध्यरात्र उलटल्यावर याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस अपघात होऊन पेटली आणि पंचवीस जीव गेले. ज्याच्या हातीं गाडी आहे त्यानें दिवसभर कचेरींत काम करून रात्रीं अकरास चाक हातीं घ्यावें, हें आम्हांस पटणें शक्य नव्हतें. चिरंजीव चाळिशीचे आहेत. वडिलांनीं सांगितलें म्हणून ऐकण्याचें त्यांचें वय राहिलेलें नाहीं, आणि आम्हींही तसें सांगत नाहीं.

ही चर्चा चालली असतां आमची मंडळी मेथी निवडीत बसली होती. तिनें मध्येंच विचारलें, “जालना किती वाजतां लागेल रे?”

“पहाटे साडेतीनला, आई. तूं झोपलेली असशील.”

त्यावर ती कांहीं बोलली नाहीं. मेथी निवडूं लागली. जालन्यास तिचे थोरले बंधु असतात. वय ब्यायशीं, दोन वर्षें अंथरुणास खिळलेले. दिवाळींत जाणें झालें नव्हतें. फोनवर ते तिला दिसतात, बोलतात. परंतु फोनवर दिसणें आणि उंबरठा ओलांडून आंत जाणें यांत काय अंतर आहे तें ज्यांचें माहेर दूर आहे अशा आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. तिनें थांबूं या असें म्हटलें नाहीं. मुलाचा बेत, सुनेची हौस, त्यांत आपलें गाऱ्हाणें कशाला, असा तिचा स्वभाव. आम्हीं मात्र त्याच क्षणीं कागद-पेन्सिल घेतली.

येथें बोटीच्या प्रवासाची एक खोंच सांगितली पाहिजे. आगगाडी चुकली तर मागून दुसरी येते. नात म्हणालीही, “आजोबा, चुकली तर पुढच्या स्टेशनावर पकडूं!” परंतु बोटीस पुढचें स्टेशन म्हणजे समुद्रापलीकडचें बंदर. मोठें जहाज आपल्या मनानें धक्का सोडीत नाहीं. बंदराचा पायलट यावा लागतो, ओढबोटी लागतात, धक्क्याची वेळ ठरलेली असते. म्हणून सहा माणसांसाठीं तें खोळंबत नाहीं. शिवाय तिकिटावर सुटण्याची वेळ ठळक असते आणि चढण्याचें दार त्याच्या बरेंच आधीं बंद होतें ही गोष्ट बारीक टायपांत असते. सूनबाईंनीं ती वाचून दाखविली, आणि चिरंजीवांचे अकरा तास तेथेंच थोडे डळमळले.

मुक्काम करावयाचा हें ठरल्यावर तो कोठें, हा वाद उभा राहिला. मध्यावर असावा असें सर्वांस प्रथम वाटतें. पण जुनी चाल पाहा. मुहूर्त बुधवारचा आणि जाणें शुक्रवारचें असलें तर सुपारी, तांदूळ व एखादें वस्त्र बांधून तें गांठोडें शेजारच्या घरीं नेऊन ठेवीत. यास प्रस्थान ठेवणें म्हणत. तुकोबांची पालखी देहूहून निघते ती पहिल्या रात्रीं देहूंतच इनामदारवाड्यांत राहते. ज्ञानोबांची पहिली रात्र आळंदींतच जाते. याचा उपयोग उघड आहे : विसरलेली वस्तु घरून आणतां येते. आणि दुसरें टोंक पाहा. पंढरपूर अवघें दोन-अडीच कोसांवर उरलें असतां सगळ्या पालख्या वाखरीस एकत्र येऊन मुक्काम करतात, आणि मग दशमीस पंढरींत शिरतात. अठरा-वीस दिवस चाललेल्या माणसास तेवढें अंतर त्याच दिवशीं जड जाईल असें नाहीं. परंतु एकादशी चुकूं नये म्हणून अखेरचा मुक्काम दाराशींच पाहिजे. आम्हीं सांगितलें, आपल्यास वाखरी शोधावयाची आहे, मध्य नव्हे.

ही दृष्टि ठेवली म्हणजे पुष्कळ नांवें आपोआप गळतात. छत्रपति संभाजीनगर सोयीचें, लॉज पुष्कळ, वेरूळ जवळ. पण तेथें राहिल्यास निम्म्याच्या जवळपास वाट आणि मुंबईची सारी गर्दी ऐन बोटीच्या दिवशीं शिल्लक राहते. शिवाय वेरूळ इतक्या जवळ असतां कैलास लेणें न पाहतां पुढें जाण्याचा निग्रह आमच्यापाशीं नाहीं. शिर्डीस खोल्या हव्या तितक्या. पण आमची रात्र गुरुवारची होती, आणि गुरुवारीं शिर्डीस काय गर्दी असते तें सर्वांस ठाऊक आहे. नाशिकास आप्त आहेत. तथापि नाशिक महामार्गापासून बाजूस पडतें, आणि त्या आप्तांकडून सकाळीं दहाच्या आंत निघालेला पाहुणा अद्यापि आमच्या पाहण्यांत नाहीं.

इगतपुरीवर चिरंजीव बरेच दिवस अडून बसले होते. डिसेंबर २०२२ मध्यें या रस्त्याचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग खुला झाला, मे २०२३ मध्यें तो भरवीरपर्यंत आला, मार्च २०२४ मध्यें इगतपुरीस पोंचला, आणि ५ जून २०२५ रोजीं इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा तुकडा सुरू झाला. त्यांत सुमारें आठ किलोमीटरांचा बोगदा असल्यामुळें कसाऱ्याचा जुना घाट टळतो. “तेथून तासाभरांत आमणे, बाबा,” असें ते म्हणत. खरें आहे. परंतु भीति आमण्यापर्यंतच्या वाटेची नव्हतीच. आमणे हें भिवंडीजवळ. तेथून पुढें बंदरापर्यंत पन्नासएक किलोमीटर राहतात, आणि त्यांत भिवंडीच्या गुदामांकडे जाणाऱ्या मालमोटारी, माजिवड्याचा नाका व मुंबईची सकाळ असे सगळे मामले येतात. जी वाट भरंवशाची आहे ती केव्हांही चालतां येते. बेभरंवशाची जी, तिचा होईल तितका भाग आदल्या दिवशीं उरकावा, हें सूनबाईंस प्रथम पटलें. त्या बँकेंत आहेत. जोखीम म्हणजे काय तें त्यांस शिकवावें लागत नाहीं.

मग खुद्द फोर्टांतच खोली कां घेऊं नये? भाडें सोसलें असतें, मोटारीचें काय? हा विचार बहुतेकांस शेवटीं सुचतो, आणि तो आधीं सुचला पाहिजे. माणसें तीन रात्रीं पाण्यावर असतां गाडी कोणाच्या भरंवशावर उभी करावयाची? आमचा पुतण्या ठाण्यास राहतो. त्याच्या सोसायटींत पाहुण्यांच्या गाड्यांस जागा आहे, पण चिटणिसांची लेखी परवानगी लागते. ती त्यानें पंधरा दिवस आधीं मिळवून ठेवली आणि ठाणें ही आमची वाखरी ठरली. तेथून सकाळीं भाड्याची मोटार करून पूर्व द्रुतगति मार्गानें घाटकोपर, तेथून उंच बांधलेल्या पूर्व मुक्त मार्गानें थेट पी. डिमेलो रस्ता, बंदर तेथून हांकेच्या अंतरावर.

झोपावयाचें कोठें, यावर मात्र थोडें नाजूक बोलणें झालें. पुतण्याचा आग्रह कीं सर्वांनीं घरींच राहावें. त्याचें घर दोन खोल्यांचें, त्यांत त्याची मुलें, एकाची सहामाही परीक्षा जवळ आलेली. आपलीं माणसें म्हणून सहा जणांनीं जाऊन एका कुटुंबाची रात्र विस्कटावी हा आतिथेयाचा अर्थ नव्हे. आमच्या मंडळींनीं पुतणसुनेस स्वतः फोन केला, आणि जेवण तिच्याकडे व झोप जवळच्या लॉजमध्यें असा तह केला. पुरुषांनीं हा फोन केला असता तर मानापमान निघाला असता.

राहिलें जालना. रात्रीचा मुक्काम ठाण्यास ठरतांच दिवस मोकळा झाला, आणि जालना तर महामार्गाच्या जवळजवळ मध्यावर. चिरंजीवांनीं गुरुवारची रजा घेतली. टायरांतील हवा आदल्या सायंकाळींच पाहून ठेविली. एका रात्रीची पिशवी निराळी केली, म्हणजे मोठ्या बॅगा ठाण्यास उघडावयास नकोत. औषधें व ओळखपत्रें तिच्यांतच ठेविलीं. कारण बंदरावर मोठें सामान बोटीचे लोक ताब्यांत घेतात आणि तें खोलींत येईपर्यंत वेळ जातो. पहाटे साडेपांचास निघालों. कारंजें, मेहकर, सिंदखेडराजा हीं नांवें पाट्यांवर उजेडीं वाचतां आलीं. जिजाऊंचें जन्मस्थान तें हेंच, असें नातीस सांगतां आलें. अकरा वाजतां मेहुण्यांच्या दाराशीं होतों.

त्यांस उशीचा आधार देऊन बसविलें होतें. मंडळींनीं तिळाच्या वड्या पुढें केल्या. त्यांनीं एक तुकडा जिभेवर ठेविला आणि बराच वेळ तसाच राहूं दिला. मग भावजयीनें निरांजन आणलें आणि पौष महिन्यांत, भर दुपारीं, राहिलेली भाऊबीज झाली. मेहुण्यांनीं उशीखालून पाकीट काढलें. तें दिवाळीपासून तेथेंच होतें, असें भावजय म्हणाली. “बोटींत तुला समुद्र लागतो का ग?” त्यांनीं विचारलें. “मी कुठं बसल्यें होतें कधीं, दादा?” यावर दोघेंही हंसलीं. चिरंजीव तेथें दाराशीं उभे होते. निघावयाची घाई त्यांनीं केली नाहीं. मामांच्या पायांशीं बसून आपल्या हातानें त्यांस पाणी पाजलें, आणि दीड वाजतां आम्हीच “आतां उठलें पाहिजे” असें म्हणालों.

पुढील वाट सुरळीत झाली. इगतपुरीचा बोगदा दिवस मावळण्यापूर्वीं ओलांडला. भिवंडीपासून माजिवड्यापर्यंत मात्र सव्वा तास गेला. चिरंजीव त्या वेळीं चिडले नाहींत, कारण त्या रात्रीं कोणतीच बोट सुटावयाची नव्हती. पुतण्याकडे वरण-भात, मटाराची उसळ. किल्ली चिटणिसांच्या स्वाधीन झाली. साडेनवास चिरंजीव लॉजमध्यें गाढ झोपले होते. दुसऱ्या दिवशीं साडेदहास निघून दुपारीं बाराच्या सुमारास आम्ही बंदरावर पोंचलों.

भावजयीनें दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी मात्र बोटीवर नेतां येणार नाहीं असें आदल्या रात्रींच कळलें. म्हणून ती पुतण्याकडे ठेविली. सोमवारीं परत आलों तों ती अर्धी झालेली होती. पुतण्याच्या धाकट्यास तिखट चालत नाहीं असें आम्हांस आजवर सांगण्यांत आलें होतें.