धरून ठेवा, सोडा

टाके निघाले की जखमेचा हिशेब मिटतो. गोळ्यांची पट्टी रिकामी झाली की ताप गेला असं समजायला हरकत नसते. फिजिओथेरपी संपली हे मात्र दुसऱ्याने सांगावं लागतं. आपल्याला ती रोजच संपावीशी वाटत असते.

लखनौच्या धुकट हिवाळ्यात, गुडघा बदलून घेतल्यावर, मी दुसऱ्याच्या मोजणीवर जगत होतो. "उठाइए... होल्ड... अब आराम से छोड़िए." थेरपिस्ट माझ्या लेकीच्या वयाची. तिच्या अदबशीर हिंदीला नाही म्हणायची सोय नव्हती. प्लास्टिकचा कोनमापक गुडघ्याशी धरून ती आकडा सांगायची आणि माझा उरलेला दिवस त्या आकड्यावर ठरायचा. सपाट रस्त्याने चालायला गुडघा साधारण 60-70 अंश वाकला तरी भागतं. जिन्याला 90च्या आसपास लागतात. पाटावर मांडी घालायची तर त्याच्या बरंच पुढे जावं लागतं, आणि बदललेल्या गुडघ्याला त्याची परवानगी सहसा मिळत नाही. दुखतो सांधा, पण राबायचं असतं मांडीच्या पुढच्या स्नायूंनी. शस्त्रक्रियेनंतर ते सुस्तावतात. ते जागे होईपर्यंत नवा गुडघा म्हणजे नुसती महागडी बिजागरी.

शेवटच्या दिवशी तिने एक कागद हाती दिला. त्यावर काड्यांची माणसं आडवी पडून पाय उचलत होती. शेजारी लिहिलेलं : दहा वेळा, पाच सेकंद होल्ड, सकाळ-संध्याकाळ. "अब आपको हमारी ज़रूरत नहीं." मी आभार मानले, पण आनंदाऐवजी मला पोरकंच वाटलं.

लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाला अशा वेळी विष्णु नारायण भातखंडे आठवणं साहजिकच आहे. मुंबईच्या वाळकेश्वरात 1860 साली जन्मलेल्या या वकिलाच्या ध्यासातून 1926 मध्ये इथे मॅरिस संगीत महाविद्यालय उभं राहिलं. आज ते त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. उस्तादांच्या गळ्यात राहणाऱ्या चिजा त्यांनी खुणांनी कागदावर उतरवल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मंद्र सप्तकाला खाली टिंब, समेला फुली, खालीला शून्य. आणि जिथे स्वर लांबवायचा तिथे पुढे एक छोटी रेघ : धरून ठेवा.

गाणं कागदावर मावत नाही, हा त्यावरचा जुना आक्षेप. तो खराच आहे. मींड कुठून निघून कुठे विरते, हे कोणत्या रेघेत दाखवणार? पण असा कागद उपयोगी पडतो तो उस्ताद समोर नसतानाच्या वेळेला. शिष्याच्या दिवसातली बहुतेक वेळ तीच असते. माझ्या हातातल्या काड्यांच्या माणसांचंही तेच. पाय किती थरथरला की थांबायचं, हे त्यांना दाखवता येत नाही. ते मांडीवर हात ठेवून तिला कळायचं. आता मला कळायला हवं.

1933 साली भातखंड्यांना पक्षाघात झाला, मांडीचं हाडही मोडलं. 19 सप्टेंबर 1936 रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, ते गेले. त्या काळी देशात फिजिओथेरपी शिकवणारी शाळा नव्हती. ती 1950च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथीनंतर, मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने निघाली. इतरांच्या रियाजासाठी पानंच्या पानं लिहिणाऱ्या माणसाच्या अंथरुणाशी असा एखादा कागद घेऊन कोण येणार होतं? माझ्या वाट्याला तो आला, आणि मी पोरकेपणाची तक्रार करत बसलो होतो.

उपचार संपले म्हणजे मोजणी माझ्याकडे आली, एवढंच. आणि मोजणी स्वतःकडे आली की लबाडीही येते. तिचे पाच सेकंद पाच असायचे. माझे तीनातच आटोपतात. म्हणून मी मोठ्याने मोजू लागलो. बायको लहानपणी गाणं शिकलेली. स्वयंपाकघरातून तिचा आवाज येतो, "अहो, ही दुगुन चाललीय. ठाय लयीत मोजा!"

मी पाय खाली ठेवतो आणि पुन्हा एकपासून सुरुवात करतो.